बेथानीची मार्था

बेथानीची मार्था ही बायबलच्या नव्या करारात उल्लेखिलेली एक स्त्री असून ती येशू ख्रिस्ताची अनुयायी व यजमानीण म्हणून ओळखली जाते. मरीया व लाजर या आपल्या भावंडांसह ती यरुशलेमजवळील बेथानी या गावी राहत असे. लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आणि योहानकृत शुभवर्तमानाचे अकरावा व बारावा हे अध्याय यांत तिच्याविषयीची माहिती मिळते. ख्रिस्ती परंपरेत मार्था ही सेवा, आतिथ्य व कर्ममय जीवन यांचे प्रतीक मानली जाते. येशूने तिला दिलेल्या सौम्य समजेमुळे तिची कथा अनेकदा 'कामापेक्षा भक्ती श्रेष्ठ' एवढ्याच अर्थाने सांगितली जाते. तथापि तिन्ही प्रसंग एकत्र वाचले असता ही समज तिच्या सेवेला नसून सेवेबरोबर आलेल्या चिंतेला व तक्रारीला उद्देशून होती, असे मत अनेक भाष्यकारांनी मांडले आहे.

नाव

'मार्था' हे नाव अरामी भाषेतील असून त्याचा अर्थ 'स्वामिनी' किंवा 'घरधनीण' असा होतो. 'प्रभू' किंवा 'स्वामी' या अर्थाचा अरामी शब्द 'मार' असा आहे, त्याचेच हे स्त्रीलिंगी रूप होय. केरळमधील सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती मंडळींत धर्माध्यक्षांच्या नावापूर्वी लावली जाणारी 'मार' ही उपाधी, तसेच येशूची माता मरीया हिच्यासाठी वापरली जाणारी 'मार्त मरियम' ही संज्ञा याच शब्दकुळातील आहे. शुभवर्तमानांत मार्थेचे जे चित्र उभे राहते ते या नावाला साजेसे आहे. लूकच्या निवेदनात पाहुण्याचे स्वागत करणारी ती आहे आणि घराचा कारभारही तिच्याच हाती असल्याचे दिसते. तिच्या पतीचा किंवा पित्याचा उल्लेख कोठेही आढळत नाही.

बेथानी हे गाव जैतुनांच्या डोंगराच्या आग्नेय उतारावर वसलेले होते. योहानच्या म्हणण्याप्रमाणे ते यरुशलेमपासून सुमारे पंधरा स्तादिया, म्हणजे जवळजवळ ३ किलोमीटर अंतरावर होते. आज वेस्ट बँकेतील अल-एझारिया या नावाने ते ओळखले जाते. हे अरबी नाव लाजराच्या नावावरून पडले आहे.

आतिथ्याची पार्श्वभूमी

प्राचीन पश्चिम आशियात प्रवाशाला आसरा देणे हा केवळ सौजन्याचा नव्हे, तर कर्तव्याचा भाग मानला जात असे. जुन्या करारात याची अनेक उदाहरणे आहेत. मम्रे येथील वृक्षांखाली तीन अनोळखी वाटसरूंना पाहून अब्राहाम धावत सामोरा जातो आणि सारा पीठ मळून भाकरी करते. सारफथ येथील विधवा दुष्काळात आपल्याजवळचे शेवटचे मूठभर पीठ व थोडेसे तेल एलीया संदेष्ट्यासाठी वापरते. शुनेम येथील एक संपन्न स्त्री अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधून तेथे खाट, मेज, बैठक व दिवा यांची सोय करते. नव्या करारातील ग्रीक भाषेत आतिथ्यासाठी 'फिलोक्सेनिया' असा शब्द आहे; त्याचा शब्दशः अर्थ 'परक्याविषयीचे प्रेम' असा होतो.

येशू व त्याचे शिष्य गावोगाव पायी फिरत असल्याने त्यांचे कार्य अशा आतिथ्यावरच अवलंबून होते. लूकच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभीच येशू आपल्या शिष्यांना थैली किंवा झोळी न घेता गावोगाव पाठवतो आणि जे घर स्वागत करील तेथे राहून समोर येईल ते खाण्यास सांगतो. त्याच अध्यायाच्या शेवटी मार्थेची कथा येते. अध्यायातील हा क्रम पाहता तिने दार उघडणे ही क्षुल्लक गोष्ट ठरत नाही.

शुभवर्तमानांतील प्रसंग

लूक १०:३८–४२

येशू एका गावात आला असता मार्था नावाच्या स्त्रीने त्याचे स्वागत केले, असे लूक सांगतो. गावाचे नाव तो देत नाही. मार्थेची बहीण मरीया येशूच्या पायांशी बसून त्याचे वचन ऐकू लागली. मार्था मात्र पाहुणचाराच्या कामांनी गांजून गेली होती. अखेर ती येशूजवळ आली. बहिणीने आपल्यावर एकटीवर काम टाकले आहे, याची त्याला काही पर्वा नाही काय, असे विचारून तिने मरीयेला मदतीस पाठवण्याची विनंती केली. येशूने तिला दोनदा नावाने हाक मारली. ती पुष्कळ गोष्टींविषयी चिंता व दगदग करीत आहे, परंतु आवश्यक गोष्ट एकच आहे. मरीयेने चांगला वाटा निवडला असून तो तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही, असे त्याने उत्तर दिले. मार्थेने यावर काय म्हटले किंवा पुढे काय केले, हे लूक सांगत नाही.

या प्रसंगातील काही तपशील अभ्यासकांनी विशेष महत्त्वाचे मानले आहेत. पायांशी बसणे हा गुरूजवळ शिकण्याचा वाक्प्रचार होता. पौल गमलियेलाच्या पायांशी शिकला, असे प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात म्हटले आहे. त्यामुळे मरीयेचे बसणे हे विसावणे नसून शिष्यत्व होते आणि येशूने स्त्रीचा हा अधिकार राखला, असा त्याचा अर्थ लावला जातो. मार्थेच्या स्थितीसाठी योजलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ 'चहूबाजूंनी ओढले जाणे' असा आहे. 'चिंता' या अर्थाचा येथील शब्द लूकने इतरत्रही वापरला आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात वचनाची वाढ खुंटविणारे काटे म्हणजे संसाराची चिंता होय. बाराव्या अध्यायात, काय खावे व काय ल्यावे याची चिंता न करण्याचा उपदेश येतो. येशूच्या उत्तरात चिंता व दगदग यांचा उल्लेख आहे. सेवा या शब्दाचा नाही.

या वचनात पाठभेदही आहेत. काही महत्त्वाच्या प्राचीन हस्तलिखितांत आवश्यक गोष्टी 'थोड्याच किंवा एकच' आहेत, असा पाठ मिळतो. त्या आधारे काही भाष्यकार याचा अर्थ अगदी व्यावहारिक लावतात: भोजनाला अनेक पदार्थांची गरज नाही, साधा एखादा पदार्थही पुरेल.

योहान ११:१–४४

लाजर आजारी पडल्यावर दोघी बहिणी येशूकडे निरोप पाठवतात. तो येऊन पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मरीया घरात बसून राहते; मार्था गावाबाहेर जाऊन येशूला भेटते. तो येथे असता तर भाऊ मेला नसता, असे ती स्पष्टपणे बोलून दाखवते. मात्र देवाजवळ तो जे मागेल ते देव देईल, हेही ती त्याच दमात सांगते. पुनरुत्थान व जीवन आपणच आहोत, असे येशू तिला सांगतो आणि तिचा यावर विश्वास आहे काय, असे विचारतो. तेव्हा येशू हा ख्रिस्त, जगात येणारा देवाचा पुत्र आहे, अशी कबुली मार्था देते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात पेत्राने दिलेल्या कबुलीशी तिच्या या शब्दांचे निकटचे साम्य आहे. योहानच्या ग्रंथात इतक्या पूर्ण रूपात ही कबुली मार्थेच्याच मुखी येते.

तरीही तिचा व्यवहारी स्वभाव लोपत नाही. कबरेवरील धोंडा काढण्यास सांगितल्यावर, चार दिवस झाल्याने दुर्गंधी येत असेल, असे बजावणारी तीच आहे. येशूची मार्था, तिची बहीण व लाजर यांच्यावर प्रीती होती, असे योहान लिहितो. त्या वाक्यात मार्थेचे नाव प्रथम आहे.

योहान १२:१–८

वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी बेथानीत येशूसाठी भोजन केले जाते. लाजर पंगतीला आहे, मरीया येशूच्या पायांना जटामांसीचे मोलाचे सुगंधी तेल लावते आणि त्या तेलाचे तीनशे दीनार आले असते, असा आक्षेप यहूदा इस्कर्योत घेतो. मार्थेविषयी योहान एवढेच म्हणतो की ती वाढत होती. काम तेच आहे, बहीण पुन्हा येशूच्या पायांशीच आहे. मात्र या वेळी मार्था तक्रार करीत नाही आणि येशू तिला काही सांगत नाही. मत्तय व मार्क यांच्या ग्रंथांत बेथानीतील अशाच भोजनाचे स्थळ कुष्ठरोगी शिमोनाचे घर असे दिले आहे.

'सेवा' या शब्दाचा आवाका

लूक व योहान या दोघांनीही मार्थेच्या कामासाठी 'दियाकोनिया' या ग्रीक शब्दकुळातील शब्द वापरले आहेत. जेवण वाढण्यापासून निरोप पोहोचवणे, गरजूंची व्यवस्था पाहणे व धर्मकार्य करणे येथपर्यंत या शब्दाचा विस्तार आहे. मराठीतील 'सेवा' हा शब्दही असाच व्यापक असल्याने हा अर्थ मराठी वाचकाला सहज उमजतो. आजाऱ्याची शुश्रूषा आणि ईश्वराची पूजा या दोहोंनाही मराठीत सेवाच म्हणतात. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोज अन्न वाटण्याचे काम आणि वचनाचा प्रचार या दोहोंना हाच शब्द लावला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल किंख्रिया येथील फीबी हिचा उल्लेख 'दियाकोनोस' असा करतो. लूकच्या बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनप्रसंगी, येशू स्वतःला सेवा करणारा म्हणवून घेतो. त्यामुळे मार्थेच्या कामाला कमी लेखणारे वाचन त्याच ग्रंथातील येशूच्या या शब्दांशी विसंगत ठरते, असे अनेक अभ्यासक म्हणतात.

अर्थविवेचनाची परंपरा

तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने मार्था म्हणजे कर्म आणि मरीया म्हणजे चिंतन, अशी जोडी कल्पिली. हीच मांडणी पुढे शतकानुशतके रूढ झाली. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या प्रवचनांत मार्थेचे काम चांगले व मरीयेचे अधिक चांगले ठरवले. त्याचे कारण त्याने असे दिले की भुकेला, परका व आजारी माणूस आहे तोवरच मार्थेच्या कामाला वाव आहे. परलोकात भूकच नसल्याने ते काम संपेल, मरीयेचा वाटा मात्र टिकेल. मध्ययुगातील मठजीवनात या विवेचनामुळे चिंतनशील जीवनाला श्रेष्ठ स्थान मिळाले.

याला छेद देणारे विचारही त्याच परंपरेतून पुढे आले. जर्मन गूढवादी मायस्टर एकहार्ट (सुमारे १२६०–१३२८) याने आपल्या एका प्रवचनात नेहमीचा क्रम उलटा केला. त्याच्या मते मार्था ही आध्यात्मिकदृष्ट्या अधिक परिपक्व होती; कामात असतानाही तिचे अंतःकरण स्थिर होते आणि मरीया अजून जगायला शिकत होती. बहिणीने ऐकण्याच्या गोडीतच अडकून पडू नये, या काळजीपोटी मार्था बोलली, असे तो म्हणतो. स्पेनमधील आव्हिलाची संत तेरेसा हिने १५७७ साली लिहिलेल्या 'अंतरीचा किल्ला' या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात दोघी बहिणींनी मिळूनच प्रभूचे आतिथ्य करावयास हवे, असे प्रतिपादन केले. सगळ्याच जणी मरीयेसारख्या बसून राहिल्या तर पाहुण्याला जेवण कोण देणार, असा तिचा रोखठोक मुद्दा होता.

सोळाव्या शतकात धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने ही कथा मठवासी चिंतनाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा नसल्याचे सांगितले. त्याच्या मते दोष आतिथ्यात नव्हता, तर ते मर्यादेबाहेर नेण्यात आणि ऐकण्याची वेळ न ओळखण्यात होता.

विसाव्या शतकात स्त्रीवादी अभ्यासकांनी नवे प्रश्न उपस्थित केले. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेन्झा यांच्या मते 'दियाकोनिया' हा शब्द आरंभीच्या घरगुती मंडळींतील स्त्रियांच्या नेतृत्वाकडे निर्देश करतो आणि लूकच्या कथेत बोलणाऱ्या मार्थेला गप्प करून मौन बाळगणाऱ्या मरीयेची प्रशंसा केली गेली आहे. इतर अभ्यासकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते स्त्रीला स्वयंपाकघरापुरती मर्यादित न ठेवता शिष्येचे स्थान देणे हाच कथेचा हेतू होय. २०१७ साली एलिझाबेथ श्रेडर यांनी 'पपायरस ६६' या प्राचीन हस्तलिखितातील खाडाखोडीच्या आधारे योहानच्या अकराव्या अध्यायात मार्थेचे नाव नंतर घातले गेले असावे, असा तर्क मांडला. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

सेवा व आतिथ्याविषयीचा बोध

ख्रिस्ती उपदेशात व धर्मशिक्षणात मार्थेच्या कथेवरून साधारणतः पुढील मुद्दे मांडले जातात.

घर उघडे करणे ही सेवेची पहिली पायरी मानली जाते. मार्थेने आधी स्वागत केले म्हणूनच मरीयेला ऐकण्याची संधी मिळाली. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया फिलिप्पै येथे पौलाला आग्रहाने आपल्या घरी ठेवून घेते, ते याच परंपरेतील उदाहरण होय.

दुसरा मुद्दा आतिथ्याच्या केंद्राविषयीचा आहे. पाहुणचाराचा डामडौल वाढत गेला की पाहुणा बाजूला पडतो आणि यजमानाची धावपळच मुख्य होते. पाहुण्याचे ऐकून घेणे हाही त्याच्या सत्काराचाच भाग आहे, हे मरीयेच्या वर्तनातून दाखवले जाते.

तिसरा मुद्दा तुलनेचा आहे. मार्थेचे काम तिला जड झाले ते बहिणीकडे पाहिल्यावर. दुसऱ्याच्या वाट्याचे माप काढू लागल्यास सेवेतील आनंद हरपतो, असे उपदेशक सांगतात. त्याच वेळी, कामाचा भार एकटीवरच पडणे ही तिची अडचण खरी होती, याकडेही आधुनिक भाष्यकार लक्ष वेधतात. प्रत्येक घरात व मंडळीत जेवणावळीचा भार नेहमी त्याच स्त्रियांवर पडत असेल, तर त्यांना ऐकण्यासाठी बसता येईल अशी व्यवस्था करणे हे इतरांचे कर्तव्य ठरते.

चौथा मुद्दा असा की मार्थेने आपली तक्रार मनात न ठेवता थेट येशूपुढे मांडली; भावाच्या मृत्यूनंतरही तिने तेच केले. तिचा विश्वास या मोकळेपणातूनच दृढ झालेला दिसतो.

शेवटी, लूकमधील हा प्रसंग दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यानंतर लगेच येतो. जखमी वाटसरूची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोन्याप्रमाणे कृती करण्यास त्या दाखल्याच्या शेवटी सांगितले आहे. लागूनच ऐकत बसण्याचे महत्त्व सांगणारी कथा येते आणि तिच्यानंतर प्रार्थनेचा पाठ. कृती व श्रवण परस्परांना पूरक आहेत, हेच या क्रमातून सुचवले आहे, असे मानले जाते.

आख्यायिका

मार्थेच्या उत्तरायुष्याविषयी बायबलमध्ये माहिती नाही. मध्ययुगीन आख्यायिकेनुसार ती आपल्या भावंडांसह समुद्रमार्गे दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात पोहोचली. तेथे ऱ्होन नदीकाठी उपद्रव देणाऱ्या 'तारास्क' नावाच्या राक्षसी प्राण्यावर तिने पवित्र जल शिंपडून व क्रूस दाखवून त्याला शांत केले आणि आपल्या कमरपट्ट्याने बांधून आणले, असे तेराव्या शतकातील 'सुवर्ण आख्यायिका' या संतचरित्रसंग्रहात सांगितले आहे. तारास्कों या नगरात तिच्या नावाचे जुने चर्च असून तारास्कची मिरवणूक आजही निघते.

कला व साहित्य

स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केस याने १६१८ साली काढलेले चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात पुढच्या बाजूला खलबत्त्यात लसूण कुटणारी उदास चेहऱ्याची तरुणी आहे. शेजारी मासे, अंडी व वाळलेली मिरची ठेवली आहे. येशू व दोघी बहिणी मात्र मागे एका लहानशा चौकटीत दिसतात. डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याच्या चित्रात मार्था हातात भाकरीची टोपली घेऊन येशूजवळ वाकलेली आहे. हे चित्र एडिंबरा येथे आहे. किल्ल्या, पळी, झाडू व पायांशी बांधलेला तारास्क ही तिची चित्रांतील चिन्हे होत.

मुंबईत जन्मलेले इंग्रजी लेखक रड्यार्ड किपलिंग यांनी १९०७ साली 'मार्थेचे पुत्र' या अर्थाच्या शीर्षकाची कविता प्रसिद्ध केली. जगाचे व्यवहार अखंड चालू ठेवणारे अभियंते व कष्टकरी यांना त्यांनी मार्थेचे वंशज मानले आहे.

स्मृतिदिन व संस्था

रोमन कॅथलिक चर्चमध्ये मार्थेचा स्मृतिदिन २९ जुलै रोजी पाळला जातो. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने हा दिवस मार्था, मरीया व लाजर या तिघांचा स्मृतिदिन करण्यात आला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत ४ जून रोजी दोघी बहिणींचे स्मरण केले जाते. स्वयंपाकी, गृहिणी, घरकामगार व खानावळ चालवणारे यांची ती आश्रयदात्री संत मानली जाते.

तिच्या नावाने अनेक सेवासंस्था स्थापन झाल्या आहेत. रशियाची ग्रँड डचेस एलिझाबेथ हिने १९०५ साली पतीची हत्या झाल्यावर आपले दागदागिने विकले आणि १९०९ साली मॉस्को येथे मार्था व मरीया या दोघींच्या नावाने मठ स्थापन केला. प्रार्थना आणि रुग्णसेवा यांची सांगड घालणे हा त्याचा उद्देश होता. तेथे रुग्णालय, औषधालय व अनाथालय चालवले जाई. भारतात बंगळूर येथील सेंट मार्थाज हॉस्पिटल १८८६ पासून कार्यरत आहे. व्हॅटिकनमधील संत मार्था निवास हे १९९६ साली बांधून पूर्ण झालेले अतिथिगृह असून पोपच्या निवडणुकीच्या काळात कार्डिनल तेथे मुक्काम करतात. २०१३ साली निवड झाल्यावर पोप फ्रान्सिस यांनी पोपच्या राजवाड्यात न जाता २०२५ मधील आपल्या निधनापर्यंत याच अतिथिगृहात वास्तव्य केले.